दोन हजारांच्या टॉर्क पान्यावर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. अर्धा इंची, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा (एनएम, म्हणजे आवळण्याच्या जोराचं माप), ठरलेल्या जोराला ‘कट्’ वाजणारा टॉर्क पाना तुम्ही दोन हजारांच्या आसपास ऑनलाइन मागवला. डब्यावर अचूकता ±४ टक्के छापली आहे. कारच्या चाकांचे नट त्याने आवळले, ते ठीक झालं. मग मोटरसायकलचं ऑइल बदलताना मॅन्युअलमध्ये ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट, २४ एनएम लिहिला होता, म्हणून मूठ २८ च्याही जरा खाली फिरवून आवळायला घेतलं. आवाज येईचना. बोल्ट फिरतोय असं जाणवल्यावर घाबरून थांबलात. आता विचारताय, हा स्वस्तातला पाना बाजूला टाकून पंधरा हजारांचा घ्यावा का?

टाकू नका. चाकांच्या कामाला तो बहुधा चांगला आहे, फक्त एकदा तपासून घ्या. कसा ते पुढे सांगतो. ड्रेन बोल्टसाठी मात्र तो पाना मुळातच नाही, आणि पंधरा हजारांचा घेतलात पण पुन्हा २८-२१० चाच घेतलात, तर तोही नसेल. तुमची अडचण किमतीची कमी आणि रेंजची जास्त आहे.

मी आधी भोसरीच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर टॉर्क पान्यांची तपासणी बघायचो, आता गॅरेज चालवतो. महागडे पाने पडून, पाइप लावून ओढून बिघडलेले पाहिलेत, आणि पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारातून आणलेले साधे पाने वर्षानुवर्षं नीट चाललेलेही पाहिलेत. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे भंगार’ हे मला पटत नाही. पण ‘कट् वाजला म्हणजे बरोबर आवळलं’ हेही तितकंच चूक आहे.

आधी त्या चार टक्क्यांचं बघू. हाताने वापरायच्या टॉर्क पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण (मानक) आहे. कट् वाजणाऱ्या नेहमीच्या पान्यांना त्यात ±४ टक्के चूक चालते. ज्यांची कमाल क्षमता १० एनएम किंवा त्याहून कमी आहे अशा छोट्या पान्यांना ±६ टक्के. ही टक्केवारी तुम्ही लावलेल्या आकड्याची असते. म्हणजे १०० ला लावला तर ९६ ते १०४ च्या मध्ये कुठेही वाजला तरी पाना पास. पण काही विक्रेते चार टक्के छापतात ते पूर्ण स्केलचे. २१० चे चार टक्के म्हणजे ८.४ एनएम, आणि ही चूक मग प्रत्येक आकड्याला धरावी लागते. १०० ला ती आठ-साडेआठ टक्के होते, ४२ ला वीस टक्के, ३० ला अठ्ठावीस टक्के. स्वस्त पान्याच्या डब्यावर यातलं कुठलं म्हणायचंय ते लिहिलेलंच नसतं. म्हणून मी वाईट धरून चालतो आणि पाना मधल्या भागात वापरतो.

डब्यात एखादी चिठ्ठी असेल तर ती नीट बघा. खऱ्या तपासणीच्या कागदावर पान्याचा सीरियल नंबर असतो आणि तो दांड्यावर कोरलेल्या नंबराशी जुळतो. शिवाय निदान तीन ठिकाणची प्रत्यक्ष रीडिंग असतात. साधारणपणे कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवरची. नुसतं ‘पास’ आणि एक शिक्का असेल, तर तो कागद पान्याबद्दल काहीच सांगत नाही.

तुमच्या पान्याचे २० टक्के म्हणजे ४२ एनएम. स्केल २८ पासून सुरू होत असलं तरी ४२ च्या खाली मी त्याच्यावर कुठलंही नाजूक काम सोपवणार नाही. कारण आतल्या रचनेत आहे. नळीत एक जाड स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते. स्प्रिंगच्या पुढे एक छोटा ठोकळा बसवलेला असतो आणि त्याच्या पुढे रॅचेटच्या डोक्याची शेपटी. डोकं एका पिनेवर किंचित हलू शकतं. बोल्टचा विरोध स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की ठोकळा कलंडतो आणि शेपटी नळीच्या आतल्या बाजूवर आदळते. तोच तुमचा ‘कट्’. स्प्रिंग भरपूर दाबलेली असते तेव्हा हा आघात हातालाही जाणवतो. अगदी खालच्या टोकाला स्प्रिंग जेमतेम दाबलेली असते, आतल्या ग्रीसचं आणि पिनेचं घर्षण तिच्या जोराशी बरोबरी करायला लागतं, आणि आवाज इतका बारीक होतो की शेजारी दुसरी गाडी चालू असेल तर कळणारही नाही. तुमच्या बाबतीत पाना कदाचित वाजलाही असेल, तुम्हाला कळलं नसेल. आणि वाजल्यावर पाना थांबत नाही. तुम्ही ओढत राहिलात तर तो आवळत राहतो.

आता मुख्य मुद्दा. पाना १०० ला लावल्यावर दर वेळी १०६ ला वाजत असेल, तर मला त्याची काही तक्रार नाही. मी त्याला ९४ ला लावीन आणि काम करीन. पण तोच पाना एकदा ९३, मग १०५, मग ९८ असा वाजत असेल, तर त्याची सरासरी अगदी १०० आली तरी तो माझ्या उपयोगाचा नाही. पहिली चूक मोजता येते आणि वजा करता येते. दुसरीचं काहीच करता येत नाही. स्वस्त पान्यांत पहिली चूक नेहमी सापडते, कारण कारखान्यात शेवटची जुळवणी घाईत होते. दुसरी सापडली तर समजावं की ठोकळा खडबडीत आहे, आतलं ग्रीस वाळलंय किंवा स्प्रिंग नीट बसलेली नाही. असा पाना सरळ परत करा.

हे घरी तपासता येतं. एक मजबूत व्हाइस, पातळ पण भक्कम दोरी, निदान पंचवीस लिटरचा झाकणाचा कॅन आणि खात्रीचा वजनकाटा एवढं लागतं. काटा घरी नसेल तर किराणा दुकानदार किंवा रद्दीवाला कॅन वजन करून देतो.

पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये असं धरा की दांडा आडवा राहील आणि खाली जोर दिल्यावर आवळण्याच्या दिशेने बसेल. मुठीच्या मधोमध एक रेघ किंवा खाच असते, हात तिथे धरायचा असतो. चौकोनाच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ४२ सेंटीमीटर आलं. पाना १०० ला लावा. आता पान्याचं स्वतःचं वजनही बोल्टवर जोर देतं, ते विसरून बरेच जण हिशेब चुकवतात. पाना बोटावर तोलून त्याचा मध्य शोधा. वजन १.४ किलो आणि मध्य चौकोनापासून २० सेंटीमीटरवर असेल, तर १.४ × ९.८ × ०.२० म्हणजे सुमारे २.७ एनएम पान्याचेच झाले. उरले ९७.३. त्याला ९.८ × ०.४२ ने भागलं की साधारण २३.६ किलो. एवढं वजन त्या खुणेवर टांगल्यावर पाना वाजायला हवा.

कॅन २१ किलोपर्यंत भरून खुणेवर टांगा, खाली जुना टायर ठेवा आणि पाय लांब ठेवा. मग मगाने हळूहळू पाणी ओता. वाजला की थांबा, कॅन उतरवा, वजन करा, लिहून ठेवा. दोन-तीन लिटर पाणी काढून पुन्हा तेच करा. निदान सहा-सात वेळा करा. त्याआधी पाना वरच्या आकड्याला लावून पाच-सहा वेळा नुसता वाजवून घ्या, म्हणजे आतलं ग्रीस सगळीकडे पसरेल. बरेच दिवस पडून राहिलेल्या पान्याचे पहिले काही कट् खोटे असतात, त्यावरून त्याला नापास करू नये.

वजनं २२.७ ते २४.६ च्या आत राहिली, तर तुमचा पाना १०० ला चार टक्क्यांत आहे. सगळी २५ च्या आसपास आणि एकमेकांजवळ आली, तर तो साधारण पाच-सहा टक्के उशिरा वाजतो; दांड्याला कागदी टेप चिकटवून त्यावर तसं लिहून ठेवा. आणि वजनं २२ ते २५ अशी पसरली, तर पाना परत पाठवायच्या तयारीला लागा. अशी तपासणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण चाकाच्या नटांसाठी पुरेशी आहे. पक्कं हवं असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, आणि जुळवण्याआधीची रीडिंगही कागदावर मागा, नाहीतर पाना आधी किती चुकत होता ते कधी कळणारच नाही. स्वस्त पान्याच्या किमतीच्या मानाने कॅलिब्रेशनचा, म्हणजे असं तपासून जुळवून घेण्याचा, खर्च जास्त वाटतो, हे खरं आहे. गॅरेजचा पाना रोज वापरात असेल तर तरीही करा. आयएसओचं प्रमाण सांगतं ती मुदत १२ महिने किंवा ५,००० वापर, जे आधी होईल ते. घरी वर्षातून दोन-चारदा चाकं काढणाऱ्याला पाण्याचा कॅन चालेल.

स्केल वाचण्याबद्दलही सांगतो, कारण पाना चुकतो असं सांगत येणाऱ्यांपैकी अनेकांचं स्केलच चुकीचं वाचलेलं असतं. २८-२१० च्या पान्यावर दांड्यावरचे आकडे बहुधा १४-१४ च्या टप्प्याने असतात: ८४, ९८, ११२. मधले आकडे फिरत्या मुठीवर. १०५ हवे असतील तर मूठ ९८ वर शून्याला आणायची आणि तिथून पुढे ७ पर्यंत न्यायची. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला फूट-पाउंडचं स्केल असतं. ते पाहून १०० लावलंत तर प्रत्यक्षात १३५ एनएमच्या वर गेलात. जुन्या मॅन्युअलांत किलोग्रॅम-मीटर असतं. तिथला एक म्हणजे ९.८ एनएम.

हात कुठे धरता याला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. डोकं ज्या पिनेवर हलतं ती चौकोनाच्या मध्यावर नसते, थोडी मागे असते. समजा ३ सेंटीमीटर. स्प्रिंगला कळतो तो पिनेभोवतीचा जोर, बोल्टला बसतो तो चौकोनाभोवतीचा. ४२ सेंटीमीटरच्या खुणेवर हात धरून जुळवलेला पाना तुम्ही २५ सेंटीमीटरवर धरून ओढलात, तर बोल्टवर साडेपाच टक्के जास्त जोर बसतो. पाइप घालून ८० वर ओढलात तर साडेतीन टक्के कमी. म्हणजे तुम्ही ज्या चार टक्क्यांसाठी पंधरा हजार मोजायला निघालात, ते हात चुकीच्या जागी धरण्यात जातात. ओढायचंही सावकाश, एका दमात, थांबत-थांबत नको. कट् झाला की सोडा. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा वाजवायची सवय बहुतेकांना असते. तिने दर वेळी थोडं जास्त आवळलं जातं.

टायरवाल्याकडून चाकं बसवून आल्यावर घरी टॉर्क पान्याने ‘चेक’ करणारे पुष्कळ भेटतात. पाना १०० ला लावतात, प्रत्येक नटावर लगेच कट् येतो, समाधान होतं. पण त्या कट्चा अर्थ एवढाच की नट १०० पेक्षा कमी आवळलेला नाही. एअर गनने तो १८० ला बसलेला असला तरीही आवाज तसाच येतो. रात्री घाटात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने नट का हलत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. खरी तपासणी करायची तर एकेक नट पाऊण फेरा सैल करून, समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावा लागतो. अलॉय चाकं असतील तर ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा पाहा. छोट्या कारना साधारण ८५ ते ११० एनएमच्या दरम्यान लागतं, पण तुमच्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्या.

आता यापेक्षा मोठी चूक कुठून येते ते बघा. टॉर्क पाना बोल्ट किती जोराने ओढून धरतोय ते मोजत नाही. तो फक्त फिरवायला किती जोर लागला ते मोजतो, आणि त्यातला बहुतेक जोर घर्षणातच जातो. ढोबळ हिशेबाने निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, चाळीस टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात दहाएक टक्के. एम-८ चा, म्हणजे ८ मिलीमीटर जाडीचा, बोल्ट कोरडा असताना २५ एनएमला आवळला, तर सुमारे १,६०० किलोचा ताण बसतो. त्याच बोल्टला ऑइल लावून तेच २५ दिले, तर घर्षण घटल्यामुळे ताण सव्वादोन हजार किलोच्या पुढे जाऊ शकतो. चाळीस टक्के फरक, आणि पाना दोन्ही वेळा अगदी अचूक वाजला. उलट कोकणात किंवा गोव्यात पावसाळा काढलेल्या गाडीचे गंजलेले आटे तसेच ठेवून आवळले, तर कट् वेळेवर येतो पण बोल्ट सैलच राहतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करणं, मॅन्युअलमध्ये ऑइल लावा म्हटलं असेल तिथेच लावणं, आणि चाकाच्या नटांना ग्रीस न लावणं, याने जेवढी अचूकता मिळते तेवढी महागड्या पान्याने मिळणार नाही.

तरीही महागडा, कॅलिब्रेशन केलेला पाना लागतो अशी कामं आहेत. इंजिनाचे हेड बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, क्लचच्या आतली कामं. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत हेड बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला आणि मग ठरावीक अंशात फिरवून आवळतात. तिथे पहिला टप्पा चुकला की पुढचे अंशही चुकतात. ही कामं तुम्ही घरी करणार नसाल, तर त्यांच्यासाठी पैसे घालू नका. करणार असाल, तर एखाद्या चांगल्या गॅरेजमधला तपासलेला पाना तेवढ्या दिवसापुरता मिळतो का पाहा.

ठेवण्याचं सोपं आहे. काम झालं की मूठ स्केलच्या सर्वांत खालच्या आकड्यापर्यंत आणा, म्हणजे स्प्रिंग दाबून राहणार नाही. पण त्याच्या खाली फिरवत नेऊ नका, आतला ठोकळा जागचा सुटू शकतो. तुम्ही २८ च्या खाली गेला होतात, म्हणून कॅन टांगून तपासणी करण्याआधी त्याला मधल्या आकड्याला लावून काही वेळा वाजवून बघा. जाम नट सोडवायला हा पाना कधीच वापरू नका, त्याला टॉमी (नट सोडवायचा साधा दांडा) वेगळी ठेवा. आणि उंचावरून पडला तर वरून धड दिसला तरी पुन्हा तपासा.

दुसरा पाना घ्यायचाच असेल तर पंधरा हजार लागणार नाहीत. ३/८ इंची, १० ते ६० एनएमच्या आसपासचा घ्या. तुमचा २४ चा ड्रेन बोल्ट त्यात छान मध्ये येतो, स्पार्क प्लगही येतील. एम-६ चे छोटे बोल्ट, म्हणजे १० च्या आसपासचे, वारंवार करणार असाल तर पाव इंची ५-२५ चा. बजेट अगदीच कमी असेल तर सुईवाला टॉर्क पाना पाहा. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही; रिकामा असताना सुई शून्यावर आहे की नाही ते समोर दिसतं, आणि नसेल तर हलकेच वाकवून आणता येते. आवाज नाही, आकडा डोळ्यांनी वाचावा लागतो, त्यामुळे अडचणीच्या जागी त्रास होतो. पण ड्रेन बोल्टसाठी अगदी योग्य.

राहिला तुमचा सध्याचा बोल्ट. तो आत्ता पुन्हा आवळून बघू नका. गाडी चालवून झाल्यावर स्वच्छ फडक्याने बोल्टभोवती पुसा आणि दुसऱ्या दिवशी पाहा, ऑइल पाझरतंय का. पाझरत नसेल तर पुढच्या ऑइल बदलापर्यंत तसाच राहू द्या. तेव्हा बोल्ट काढल्यावर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचे चमकणारे तुकडे किंवा तारेसारखी गुंडाळी अडकलेली दिसली, तर ऑइलच्या चेंबरचे आटे गेलेत. त्यात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावं लागेल; हे काम चांगला टर्नर किंवा अनुभवी गॅरेजवाला करतो, चेंबर बदलायची गरज नसते. आटे स्वच्छ असतील तर नवं वॉशर घाला, बोल्ट आधी पूर्ण हाताने फिरत जातोय याची खात्री करा, आणि छोट्या पान्याने २४ ला आवळा. आवळताना जोर वाढत जायच्याऐवजी एकदम मऊ लागायला लागला, तर कट्ची वाट न पाहता तिथेच थांबा.